गुरुवारचे हिरवे ठिपके

सदाशिव पेठेत मंदाकिनी घाटपांडेचं नाव काढलं की अजूनही लोक म्हणतात, "फार काटेकोर बाई!" होतीच ती तशी. एका प्रयोगशाळेत सव्वीस वर्षं तिनं काचेच्या बशांमध्ये पेशी वाढवल्या, सदतीस अंशांच्या उबेच्या पेटीत तान्ह्या लेकरांसारख्या जपल्या.

नीरजा तिथं संशोधनाला आली आणि मंदाकिनीला लेक मिळाल्यासारखं झालं. पेशीत निरोप पोचवणारं एक प्रथिन नेमकं कुठं असतं, हा नीरजाचा प्रश्न. पावसाळा-उन्हाळ्यात बशांना बुरशी धरे, म्हणून काम हिवाळ्यातच. सूक्ष्मदर्शकाची पाळी शुक्रवारची, म्हणून गुरुवारी दुपारी औषध घालून पेशी जागच्या जागी थिजवायच्या, प्रथिनाला हिरवा रंग चढवायचा. चार हिवाळे ते हिरवे ठिपके पेशीच्या मध्याजवळ एका जागी साचलेले दिसले.

"बसलंय बघा, पारावरच्या आजोबांसारखं," नीरजा हसायची. प्रबंध लिहून झाला; विद्यापीठात द्यायचा तेवढा राहिला.

१९९५चा प्रजासत्ताक दिन गुरुवारी आला. एरवी गुरुवारी तारांच्या दुरुस्तीसाठी सकाळपासून दुपारपर्यंत वीज नसे. त्या दिवशी सुट्टी म्हणून गेलीच नाही. शुक्रवारी नीरजानं पाहिलं, तर ठिपके पेशीभर पांगलेले, पार कडेपर्यंत.

"मंदाताई, झेंडावंदनाच्या गडबडीत काय घातलंत यात? टाकून द्या ही काच."

काल वीज गेली नव्हती, हे मंदाकिनीला आठवलं आणि तिनं वही उघडली. वहीत एकही रकाना कोरा राहू नये, म्हणून पेटीच्या तापमानाचे दिवसभराचे आकडे ती सकाळीच लिहून ठेवायची. सदतीस, सदतीस, सदतीस. वीज गेल्यावर पेटीत तिनं कधी डोकावलंच नव्हतं. पुढच्या गुरुवारी दुपारी डोकावली. काटा वीस अंशांवर!

ते प्रथिन बसून नव्हतंच. प्रेक्षकांना न दिसता अंधारात रंगमंचावरचं सामान हलवणाऱ्या माणसासारखं ते पेशीतला माल मध्यापासून कडेला पोचवत होतं. गारठ्यानं वाहतूक थांबायची आणि ते मध्याजवळच अडकायचं.

गप्प राहिली असती, तर कुणालाही पत्ता लागला नसता. पण तिनं नीरजाला गाठलं.

"वहीतले आकडे खोटे आहेत गं."

"किती गुरुवारांचे?"

"सगळ्यांचेच."

नीरजानं प्रबंधाचे कागद जवळ ओढले. "अहो, आणखी आठ दिवस थांबायचंत ना. प्रबंध देऊन मोकळी झाले असते मी."

तिनं प्रबंध दिलाच नाही. मार्चमध्ये शिष्यवृत्ती संपली; नव्यानं सुरुवात करायला घरून परवानगी मिळाली नाही. नारायण पेठेतल्या एका क्लासमध्ये ती अकरावीला शिकवू लागली.

पुढचा सगळा हिवाळा मंदाकिनी तासातासाला पेटीपाशी उभी राहिली. वीज गेली की बशा फेकून पुन्हा मांडायची. अखेर एक निर्दोष छायाचित्र घेऊन ती क्लासचा जिना चढली.

नीरजानं ते उजेडात धरून पाहिलं. तिचा अंगठा हिरव्या ठिपक्यांच्या मागोमाग कडेपर्यंत गेला.

"सुंदर आलंय," ती म्हणाली. "पण मुलं आलीयेत, मंदाताई. तास आहे माझा."

तिनं छायाचित्र परत केलं आणि खडू उचलला. मंदाकिनी कठड्याला धरून एकेक पायरी उतरू लागली.