टॉकीजच्या भिंतीतलं पिंजर

आमच्या गावच्या टॉकीजची जुनी भिंत मीच खरवडायला लावली. नंतर लोक गवंड्याला बोल लावत, पण सांगितलं होतं मी.

गाव कोल्हापूरहून एसटीनं तासाभरावर. टॉकीज म्हणजे आधीचं नाटकाचं थिएटर, संस्थानच्या काळात बांधलेलं. पुढं पडदा लागला, मशीन आलं आणि नाटकं बंद झाली. माझी शाळा चौथीपर्यंत. तिकिटावरचा नंबर वाचता येतो एवढ्यावर मला तिथं बायकांच्या दाराला उभं केलं होतं. तिकीट फाडायचं, रडणाऱ्या पोरांच्या आयांना बाहेर काढायचं आणि खेळ सुटल्यावर झाडायचं. दहा-बारा वर्षं हे केलं. मग एका पावसाळ्यात छपराचा मधला भाग बसला, टॉकीजला कुलूप लागलं आणि मी दुसऱ्याच्या शेतात खुरपणीला जाऊ लागले. सत्तरनंतरच्या चार-पाच वर्षांतली ही गोष्ट.

टॉकीज दोन भावांचं. थोरल्याचा गुळाचा व्यापार, त्याला तिथं ढेपा रचायच्या होत्या. धाकट्याला सिनेमाच चालवायचा होता. दिवाळीत दोघांचं ठरलं, की गुढीपाडव्याला खेळ सुरू झाला तर टॉकीज, नाहीतर गोडाऊन. धाकट्यानं दुरुस्ती काढली आणि मला बोलावून घेतलं. गोडाऊन झालं तर मला जन्मभर खुरपं धरायचं होतं, त्यामुळं त्याच्याइतकीच घाई मलाही होती.

छप्पर झालं, खुर्च्या झाल्या, मग भिंतींकडं वळलो. भिंती छातीपर्यंत दगडाच्या. त्याच्या वर चार बोटं जाड मातीचा गिलावा आणि त्यात भाताचं पिंजर, म्हणजे पेंढा, कोंबलेलं. वरचा चुना केव्हाच गळला होता. काड्या बाहेर आल्या होत्या, त्यात झुरळं, पालीची अंडी आणि किती वर्षांचा कुणास ठाऊक, विड्यांचा वास. गवंड्यानं धाकट्याला विचारलं, धाकट्यानं मला.

"अक्का, तुम्ही रोज झाडत होता. ह्याचं काय करायचं?"

"काढून टाका की. गोठ्यातबी एवढी घाण नसत्या."

आम्ही चार बायकांनी आठ दिवस खरवडून भिंती उघड्या केल्या. गवंड्यानं सिमेंट घोटून गुळगुळीत केलं, वर फिकट हिरवा ऑइलपेंट दिला. लोक बघायला यायचे, हात फिरवायचे आणि मान डोलावून जायचे.

पाडव्याला पंधरा-सोळा दिवस उरले असताना ऑपरेटरनं एक जुनं रीळ लावून बघितलं. चित्र झकास दिसलं. आवाजाचा मात्र नुसता गलका. पडद्यावर एक म्हातारा बाप मुलावर ओरडत होता. त्याचं एक वाक्य संपायच्या आत तेच वाक्य मागून यायचं आणि पुढच्या वाक्यावर पडायचं. विहिरीत तोंड घालून कुणी बोलावं तसं. ऑपरेटरनं भोंग्यांची तोंडं फिरवली, वायरी बदलल्या. कोल्हापूरहून मेकॅनिक आणला. त्यानं मशीन उघडलं, सगळं तपासलं आणि यात काही बिघाड नाही म्हणून सांगून शेवटची एसटी गाठली.

ही बातमी थोरल्याला लागलीच. तो आला, मधल्या रांगेत बसला आणि अख्खं रीळ ऐकलं.

"बोलतोय एक आन् ऐकू येत्यात तीन," तो भावाला म्हणाला. "एका तिकिटात तीन सिनेमे! लोक फायद्यात हायत की."

जाताना त्यानं मोठ्या दाराची रुंदी पावलांनी मोजली. बैलगाडी आत येते का ते बघत होता.

धाकट्याचं जेवणावरचं मन उडालं. मला मात्र एक गोष्ट सुटत नव्हती. मी लहान असताना आईबरोबर तिथं नाटक बघितलं होतं, अगदी शेवटच्या रांगेत बसून. तेव्हा भोंगा नव्हता, काही नव्हतं, तरी नटीनं हळू बोललेलंसुद्धा आमच्यापर्यंत यायचं. जागा तीच. मशीनही पूर्वीचंच, आणि पूर्वी ते नीट बोलत होतं. मग बदललं काय?

दुसऱ्या दिवशी दुपारी सगळे जेवायला गेल्यावर मी पडद्यापुढं उभी राहिले आणि टाळी वाजवली. मागच्या भिंतीकडून टाळी परत आली. बाजूच्या भिंतीकडं तोंड करून वाजवली, तिकडूनही आली. मग मी भिंतीला नाक लागेल इतकी जवळ गेले आणि म्हटलं, "कोण हाय?" माझाच आवाज माझ्या तोंडावर आपटला. तशीच भिंतीकडेनं "कोण हाय, कोण हाय" करत निघाले. कुणी बघितलं असतं तर मांत्रिकाकडं नेलं असतं.

मशीनच्या खोलीकडं जाणाऱ्या जिन्याखाली आमची शिडी बसली नव्हती. तिथं दाराएवढा जुना गिलावा तसाच राहिला होता. तिथं तोंड नेऊन म्हटलं, "कोण हाय?" काही परत आलं नाही. आवाज आत गेला तो गेलाच. मी चार वेळा इकडून तिकडं जाऊन बघितलं. सिमेंटपाशी आवाज परत, पिंजरापाशी गप्प. मग आठवलं, भाड्याचं घर सोडताना भांडी, अंथरुणं बाहेर काढली की घर असंच वाजतं.

मला माझाच राग आला. ते पिंजर कुणीतरी डोकं लावून भरलं होतं. इतकी वर्षं मी त्याच्या खाली पडलेल्या काड्या झाडल्या, आणि त्या तिथं का आहेत हे एकदाही मनात आलं नाही.

संध्याकाळी मी धाकट्याला आणि गवंड्याला तिथं नेऊन दाखवलं. "ही भिंत आवाज गिळत हुती. काढा म्हणून मी सांगितलं. चूक माझी हाय."

गवंडी हसला. "मग आता ऑइलपेंटवर चिखल थापू व्हय? टिकंल?"

"मिस्त्री, आधी खरं का खोटं ते तर बघू. मी वाकळा घेऊन येते," मी म्हटलं.

गल्लीत घरोघर गोधड्या मागत फिरले. शेजारीण म्हणाली, "टॉकीजला थंडी वाजाय लागली काय गं?"

"ताप आलाय. दे दोन."

दुसऱ्या दिवशी मागच्या भिंतीला दोऱ्या बांधून पंचवीसेक वाकळा टांगल्या. ऑपरेटरनं तेच रीळ लावलं. बापाचं वाक्य आलं, एकदाच आलं, आणि तेव्हा आम्हाला कळलं की तो मुलावर ओरडतच नव्हता, घरी चल म्हणून विनवत होता. धाकट्यानं तेच रीळ पुन्हा पहिल्यापासून लावायला सांगितलं.

मग गवंड्यानंच युक्ती काढली. भिंतीला लाकडी पट्ट्या ठोकायच्या, पोत्यांत पिंजर भरून ती त्यांवर बसवायची आणि वरून मांजरपाटाचं कापड ताणायचं. पिंजर शाहूवाडीकडून आलं. पोती थोरल्याकडं होती, आणि धाकटा मागायला जाईना. मी गेले.

"माझ्याच पोत्यांनी माझं गोडाऊन बंद करतीस व्हय?" थोरला म्हणाला.

"न्हाय चाललं तर पोती तिथंच हायत की. सोडवा आन् गूळ भरा."

तो हसला आणि दिली. पण कुणाच्याच ध्यानात आलं नाही की ती गुळाची पोती. तिसऱ्या दिवशी जमिनीपासून आढ्यापर्यंत मुंग्यांच्या रांगा लागल्या. सगळी पोती उतरवली, रिकामी केली, ओढ्यावर नेऊन धुतली, वाळवली, पुन्हा भरली. शेवटचं पोतं पाडव्याच्या आदल्या दिवशी बसलं.

पाडव्याला टॉकीज गच्च भरलं. खेळ सुरू होऊन पाच मिनिटं झाली नाहीत तोवर पुढच्या बाकांवरून ओरडा सुरू झाला, "आवाज वाढवा!" ऑपरेटरनं वाढवला, मग सगळं नीट ऐकू येऊ लागलं. मी मात्र दारात उभी राहून चक्रावले. म्हणजे माणसंही आवाज गिळतात. मग गर्दीत पोती नसती तरी चाललं असतं का? आमचा सगळा खटाटोप फुकट गेला का? ऑपरेटरला विचारलं तर तो म्हणाला, "अक्का, सिनेमा बघा की गप!"

गर्दी ओसरायची वाट बघण्याशिवाय इलाज नव्हता. तिसऱ्या आठवड्यात, उन्हाच्या वेळेच्या खेळाला कशीबशी वीस माणसं होती. मी दार सोडून शेवटच्या रांगेत जाऊन बसले. शब्द न् शब्द सुटा येत होता. दोन खुर्च्या सोडून थोरला बसला होता, टोपी मांडीवर ठेवून.

मध्यंतरात तो माझ्याकडं न बघताच म्हणाला, "आज माणसं न्हाईत, तरीबी ऐकू येतंय."

"व्हय."

"मग बाजारपेठेत कुठं गोडाऊन मिळतंय काय बघाय पायजे," म्हणाला, आणि शेंगदाणे आणायला बाहेर गेला.

तेवढ्यात धाकटा आला आणि बायकांचं दार उघडं टाकून मी आत बसले म्हणून त्यानं मला सगळ्यांदेखत झापलं.