अंगठेवाल्यांचा पुढारी

आमच्या शेजारच्या कवळीकाकांनी आयुष्यभर लोकांना दात पुरवले. डॉक्टर तोंडाचं माप पाठवायचे, काका कवळी घडवून द्यायचे. फावल्या वेळात ते विमानं उडवायचे. रिमोटवर चालणारी, दोन हात लांब पंखांची. निवृत्तीनंतर सगळाच वेळ फावला झाला.

विमानं उडवणाऱ्यांत दोन पंथ असतात, हे मला साहित्याची पदवी घेताना कोणी सांगितलं नव्हतं. रिमोटवर दोन दांड्या असतात. काही जण त्या नुसत्या अंगठ्यांनी ढकलतात. काही जण अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत धरतात. विमानाला दोन्ही सारखंच. माणसांना नाही. आमच्या मैदानावर दोन्ही गट वेगवेगळ्या झाडांखाली बसत. काका अंगठेवाल्यांचे पुढारी. टेलरमास्तर चिमटीवाल्यांचे.

"काय मास्तर, विमान उडवताय की सुईत दोरा ओवताय?"

"अंगठाबहाद्दरांनी आम्हाला शिकवू नये."

असा उच्च पातळीवरचा वैचारिक संवाद वर्षानुवर्षं चालू होता.

मग काकांचा उजवा अंगठा आखडू लागला. वाकला की वाकलेलाच राहायचा. काकांनी तातडीने निदान केलं: रिमोट बिघडला आहे.

जोर लागू नये म्हणून आधी त्यांनी दांडीची स्प्रिंग सैल केली. ती इतकी सैल झाली की सोडलेली दांडी मध्यावर परत यायचंच विसरली. विमान वळत राहिलं आणि कुंपणात शिरलं. "कंपनीचा माल," काका म्हणाले. मग त्यांनी कवळीच्या गुलाबी अॅक्रिलिकची टोपी दांडीला बसवली, अंगठ्याच्या बरोब्बर मापाची. रिमोटला हिरड्या आल्या. अंगठा होता तसाच राहिला.

"अहो, तो अंगठा दाखवा डॉक्टरांना," काकू म्हणाल्या.

"अंगठ्याला काय धाड भरलीय?"

"मग या बरणीचं झाकण उघडून द्या."

काकांनी बरणी माझ्यापुढे सरकवली. "शिकलेली पोरं कशाला असतात?"

साठी ओलांडलेल्यांची आमच्या विमानवाल्यांच्या क्लबात दर वर्षी चाचणी होते. चुन्याने आखलेल्या चौकोनात विमान उतरवायचं. नाही जमलं तर सन्मान म्हणून खुर्ची मिळते. तिच्यात बसायचं, चहा प्यायचा आणि दुसऱ्यांची विमानं बघायची.

"त्या खुर्चीतून उठून परत विमान उडवलेला माणूस मी पाहिला नाही," काका मला म्हणाले. त्या महिन्यात ते चेष्टेशिवाय बोलले ते एवढंच.

चाचणी जवळ आली तशी त्यांनी टोपी काढून दांड्या लांब केल्या. तळवे टेकायला रिमोटभोवती प्लायवूडचा ट्रे बसवला. गळ्यात अडकवायला पट्टा लावला. मी बघतच राहिलो. असली सजावट फक्त चिमटीवाले करतात.

"काका, हे तर…"

"अंगठ्याच्या आरामासाठी आहे."

"पण ट्रेला तर्जनीसाठी खाच आहे."

"तू कविता वाच."

चाचणीला काकांनी विमान अंगठ्यांनीच चढवलं. दोन फेऱ्या सुरेख झाल्या. उतरायच्या वळणावर अंगठा आखडला. विमानाचं नाक खाली गेलं. अंगठेवाले धडपडत उभे राहिले. तेवढ्यात काकांची तर्जनी पुढे आली आणि दांडी चिमटीत आली. सगळ्यांदेखत. विमान सावरलं, डुलत खाली आलं आणि टेकलं. एक चाक रेघेवर होतं.

कोणी टाळी वाजवली नाही. अंगठेवाल्यांचे चेहरे घरातलं माणूस पळून गेल्यासारखे झाले होते.

"पास," क्लबचे सेक्रेटरी म्हणाले.

"ही चिमटी नव्हे," काकांनी जाहीर केलं. "अंगठाच आहे. बोट नुसतं सोबतीला आहे."

"आमचंही तसंच असतं," टेलरमास्तर म्हणाले.

काकांनी आणखी एक उड्डाण मागितलं. नियमात बसत नव्हतं, पण सेक्रेटरींनी मान डोलावली. विमान वर गेलं. मास्तर आपल्या झाडाखालून उठून काकांच्या शेजारी येऊन उभे राहिले.

"बोट जरा खाली घ्या," ते हळूच म्हणाले. "मनगट भरून येणार नाही."

आता काका काय ऐकवतात, म्हणून आम्ही कान टवकारले.

काकांनी बोट खाली घेतलं.