खरकट्या पाण्याची बादली

भांडी धुण्याचं मशीन घ्यायला मी घरचं ताट बरोबर घेऊन गेले होते. यवतमाळच्या त्या दुकानातला माणूस हसला. म्हणाला, "मॅडम, फ्रीज घ्यायला कोणी भाजी घेऊन येत नाही." मी त्याला मशीनचं दार उघडायला लावलं आणि ताट आतल्या जाळीत उभं केलं. दार लागेना. मग पिशवीतून दुसरं, जरा लहान ताट काढलं. ते बसलं, दारही लागलं. "आता बोला भाव," मी म्हणाले. तो हसायचा थांबला.

मी महाविद्यालयात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक आहे. दिवसभर मुलांनी काळ्या-पिवळ्या करून ठेवलेल्या परीक्षानळ्या घासायच्या आणि घरी येऊन पुन्हा कढीची पातेली घासायची, हे मी पुष्कळ वर्षं केलं. भांडी घासताना मन शांत होतं असं सांगणाऱ्या बायका मला भेटल्या आहेत. माझं कधी झालं नाही.

आमचा फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर, दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. मशीन ओट्यावर, मिक्सरच्या जागी बसलं. मिक्सर फळीवर गेला. नळाला पाणी रोज येत नाही, म्हणून मशीन नळाला जोडण्यात अर्थ नव्हता. त्याच्या डोक्यावर एक झाकण आहे. ते उघडून जगने पाच लिटर पाणी ओतायचं, भांडी लावायची, दार लावून बटण दाबायचं. पाणी तेच तापवतं, तेच फवारतं, आणि शेवटी मागच्या नळीतून खरकटं पाणी बाहेर टाकतं. ती नळी मी सिंकमध्ये सोडली होती. कुकर आणि कढई आत मावत नाहीत, ती हातानेच घासावी लागतात. ज्यांना हे चालत नसेल त्यांनी घेऊ नये.

सासूबाई वर्षातले काही महिने आमच्याकडे असतात, उरलेले बोरी अरबला मोठ्या दिरांकडे. त्यांनी मशीनला पहिल्याच दिवशी 'डबडं' हे नाव दिलं. इथलं पाणी जड, म्हणून मशीनमध्ये अधूनमधून जाडं मीठ घालावं लागतं. मी ते घालताना त्यांनी पाहिलं.

"यालेही मीठ लागते?"

"हो आई."

"मंग हळद-तिखट कायले ठेवलं? तेही टाक."

आठवडाभर त्या धुतलेलं प्रत्येक भांडं नाकाशी नेऊन हुंगत होत्या. आठव्या दिवशी हुंगणं बंद झालं. नंतर मशीन थांबलं की दार उघडायला त्याच आधी जाऊन बसायला लागल्या. गरम पेला हातात घ्यायला त्यांना आवडायचं.

मग भाद्रपद आला आणि महालक्ष्म्यांचा प्रश्न उभा राहिला.

आमच्या घरच्या महालक्ष्म्या बोरीला बसतात. मुखवटे मोठ्या जाऊबाईंकडे. सासूबाई लग्न होऊन आल्या तेव्हापासून एकदाही खंड पडलेला नाही, आणि हे त्या वर्षातून दहा वेळा सांगतात. या वर्षी जाऊबाईंच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली. डॉक्टरांनी खाली बसायला, ओणवं व्हायला सक्त मनाई केली. दोन महालक्ष्म्या उभ्या करायच्या, सोळा भाज्या चिरायच्या, पंगती उठवायच्या, हे खुर्चीवर बसून होत नाही. म्हणजे एक तर यंदा खंड, नाही तर महालक्ष्म्या आमच्या फ्लॅटमध्ये.

मी म्हणाले, इकडे आणा. खंड पडला असता तर सासूबाईंनी जेवण सोडलं असतं, आणि मला ते बघायचं नव्हतं.

जाऊबाई फोनवर म्हणाल्या, "तुह्या त्या खुराड्यात अंगण आहे का? खड्डा कुठं खणशीन?"

हा खड्डा म्हणजे आमच्या घराण्याची रीत. महालक्ष्मीच्या जेवणातलं उष्टं घराबाहेर जाऊ द्यायचं नाही. बोरीला अंगणात खड्डा खणतात. पत्रावळी त्यात, हात धुतलेलं पाणी त्यात, आणि वाट्या, पेले, पळ्यासुद्धा त्याच्या काठावर बसूनच विसळायच्या, म्हणजे ते पाणीही त्यात. तिसऱ्या दिवशी, विसर्जन झालं की खड्डा बुजवतात. प्रसादाचे डबेही कोणाला देत नाहीत. ज्याला खायचं त्याने घरी येऊन खावं.

खड्ड्याची सोय झाली असती. तळमजल्यावर एक निवृत्त मास्तर राहतात, त्यांनी इमारतीच्या मागच्या पट्टीत लिंबाचं झाड वाढवलं आहे. मी त्यांना विचारलं. ते म्हणाले, "खणा. पण झाडाला साबणाचं पाणी लागलं तर मी तुमच्या दारात उपोषणाला बसेन."

"जेवायलाच बसा," मी म्हणाले.

खरी अडचण सासूबाईंनी काढली. "पत्रावळी खाली नेशीन, हाताचं पाणी घमेल्यात धरशीन. वाट्यांचं काय? दोन जिने उतरून बाया वाट्या विसळतीन काय? तू सिंकमध्ये धुशीन, अन् महालक्ष्मीचं उष्टं जाईन गटारात. साऱ्या बिल्डिंगच्या संडासासंगं." त्यांनी कपाळाला हात लावला. "त्यापेक्षा खंड पडलेला बरा."

त्यांच्या तोंडून हे वाक्य येईल असं मला कधी वाटलं नव्हतं. त्या खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडल्या. नवरा मला खुणेने विचारत होता, आता काय? तेवढ्यात स्वयंपाकघरात मशीनने रोजच्यासारखं गुरगुरून सिंकमध्ये पाणी टाकलं. मी त्या नळीकडे पाहिलं. मग नळी सिंकमधून काढली आणि ओट्याखाली बादली ठेवून तिच्यात सोडली.

"आई, उठा. इकडे या."

प्रयोगशाळेतून बाद झालेलं, टवका उडालेलं एक मोजपात्र मी घरी वापरते. सासूबाईंच्या देखत पाच लिटर पाणी मोजून मशीनमध्ये ओतलं. आमटीच्या वाट्या लावल्या. बटण दाबलं. त्या समोर खुर्ची घेऊन बसल्या आणि संपेपर्यंत उठल्या नाहीत. मधे मधे नळी खो-खो करून बादलीत पाणी टाकायची तेव्हा त्या वाकून बघायच्या. शेवटी मी बादलीतलं पाणी मोजलं. चार लिटर आठशे.

"अन् दोनशे?"

"थोडं भांड्यांना लागलेलं, थोडी वाफ."

"वाफ घरातच राह्यली नं?"

"घरातच."

त्यांनी बादली सरकवून खालची फरशी हाताने चाचपली. हिशोबात कुठे गळती आहे का ते बघत असाव्यात. मग म्हणाल्या, "आम्ही बोरीले विसळतो तवा अर्धं पाणी पायावर सांडते. हे डबडं तर आमच्यापेक्षा सोवळं निघालं व माय!"

आणि त्यांनी स्वतः जाऊबाईंना फोन लावला.

जाऊबाई दोन दिवस आधीच आल्या. आमच्याकडे लिफ्ट नाही. दिरांचा हात धरून एकेक पायरी चढल्या, आणि प्रत्येक वळणावर थांबून माझ्या फ्लॅटला नावं ठेवली. पहिल्या वळणावर जिना अरुंद, दुसऱ्यावर उजेड कमी, तिसऱ्यावर "येवढ्या उंचावर देव चढन का?" मुखवट्यांची पेटी त्यांनी कोणाच्या हाती दिली नाही, पदराखाली छातीशी धरून आणली. सासूबाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "तिले वाटून राह्यलं, मुखवटे एकदा इथं आले की इथंच राहतीन. तू नोकरीवाली, तुह्याकडे मशीन. तिच्याजवळ काय, तर महालक्ष्म्या." मला मुखवट्यांचा काही मोह नव्हता. तीन दिवसांची रजा टाकतानाच माझा जीव मेटाकुटीला आला होता. पण हे तोंडाने सांगून जाऊबाईंना पटलं नसतं.

जेवणाच्या दिवशी सकाळपासून घरात पाय ठेवायला जागा नव्हती. जाऊबाई स्वयंपाकघरात खुर्चीवर पाय लांब करून बसल्या आणि तिथून स्वयंपाक चालवला. आंबिलीला कण्या किती, पडवळाच्या कढीला ताक किती आंबट, पुरणाला किती चटका द्यायचा, सगळं त्यांच्या चाखण्यावर. मला स्वयंपाक येतो. त्यांना महालक्ष्मीचा येतो. संध्याकाळी आरती झाली आणि पहिली पंगत बसली. पलंग उभा करून भिंतीला लावला होता, तरी एका वेळी आठच पानं मावली. मास्तर पहिल्या पंगतीत होते. त्यांनी पाच पुरणपोळ्या खाल्ल्या आणि लिंबाच्या झाडाचा विषय काढला नाही.

वाट्या होत्या तेवढ्याच, म्हणून प्रत्येक पंगतीनंतर मशीन. लिंबासाठी साबणाची गोळी टाकायची नाही असं ठरलं होतं. नुसतं कडक पाणी. तुपाच्या वाट्या मी आधी पत्रावळीच्या तुकड्याने पुसून घेतल्या, तो तुकडाही खड्ड्याच्या पाटीत. पहिली बादली दिरांनी खाली नेली. बाल्कनीतून सासूबाई ओरडल्या, "हळू ओत! सांडू नको!" रस्त्यावरचा एक ऑटोवाला थांबून वर बघायला लागला.

दुसरी पंगत उठली. वाट्या लावल्या, बटण दाबलं. मी तिसऱ्या पंगतीची पानं मांडायला बाहेर आले. नवरा सकाळपासून काही तरी मदत करायला शोधत होता. तो स्वयंपाकघरात गेला, बादली अर्धी भरलेली पाहिली, ती उचलली आणि नळी नेहमीच्या जागी, म्हणजे सिंकमध्ये टाकून दिली. वर मला येऊन सांगितलं, "बादली रिकामी करून आणतो."

"नळी कुठे आहे?"

"सिंकमध्ये. पाणी सांडेल म्हणून."

मशीन कधी गुरगुरतं हे घरातल्या सगळ्यांना आता पाठ झालं होतं. ते नेमकं तेव्हाच गुरगुरलं. माझ्या हातात पत्रावळींची चळत होती. सासूबाईंनी देवापुढे बसल्या बसल्या डोळे मिटले. मी धावले, पण माझ्या आणि स्वयंपाकघराच्या दारामध्ये आठ माणसं मांडी घालून बसत होती.

आतून खणखणाट झाला आणि मग जाऊबाईंचा आवाज. "हाणीन एक टोला भाऊजीले!"

मी माणसं ओलांडून आत पोचले तेव्हा त्या खुर्चीतून अर्धवट उठलेल्या होत्या. चांगल्या पायावर सगळा भार, ऑपरेशनचा पाय सरळ लांब, एका हाताने ओटा पकडलेला. दुसऱ्या हातात नळी, आणि नळीचं तोंड कढीच्या रिकाम्या पातेल्यात. पाणी जोरात येत होतं. निम्मं त्यांच्या पैठणीवर उडत होतं, पण सिंकमध्ये थेंब नव्हता. जवळचं सगळ्यात मोठं भांडं त्यांनी ओढलं होतं, आणि ते ओढताना पाच पळ्या खाली पाडल्या होत्या.

"ताई, गुडघा!"

"गुडघा डॉक्टरचा आहे, तो पाहीन! तू पातेलं धर, भरून राह्यलं!"

मी पातेलं धरलं. दोघी एकाच नळीला लोंबकळून उभ्या होतो. पाणी थांबलं तेव्हा त्यांनी नळी झटकली, तिचा शेवटचा थेंबसुद्धा पातेल्यात पाडला, आणि धपकन खुर्चीत बसल्या. मग हसायला लागल्या. आधी हळू, मग डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मलाही आवरेना. दारात सासूबाई आल्या.

"गेलं का गटारात?"

"नाई गेलं आई," जाऊबाई म्हणाल्या. "पैठणीवर आलं. पैठणी पिळून देतो खड्ड्यात, मंग चालन?"

सासूबाईंनी खरोखर थोडा विचार केला. "पिळ," त्या म्हणाल्या.

नवरा बादली घेऊन परत आला तेव्हा आम्ही तिघींनी त्याच्याकडे असं बघितलं की तो काही न विचारता पाटावर जाऊन बसला. तिसरी पंगत आमच्या हसण्याने उशिरा सुरू झाली. पातेलं आणि ओली पैठणी मी स्वतः खाली नेली, लिंबाखाली पिळली. मास्तर खिडकीतून बघत होते. गुडघ्याला काही झालं नव्हतं. रात्रभर ठणकला, सकाळी बरा.

तिसऱ्या दिवशी विसर्जनाच्या अक्षता पडल्या. खड्डा बुजवला. मी मुखवटे कोरड्या फडक्याने पुसले, मऊ कपड्यात गुंडाळले, पेटीत ठेवले आणि पेटी जाऊबाईंच्या सामानात, सगळ्यात वर ठेवली. त्यांनी पेटी उघडून पाहिली, बंद केली, पुन्हा उघडून पाहिली.

"दोन्ही आहेत ताई."

"आहेत नं. मी कुठं म्हटलं नाहीत?" त्यांनी पेटीला कडी घातली. मग ओट्याकडे बोट केलं. "पुढच्या वर्षी बोरीले. तू दोन दिवस आधी ये. अन् येताना हे सोवळं डबडं घेऊन ये, पन्नास माणसाच्या वाट्या आहेत."

"बसमधून?"

"मंग काय, मांडीवर घे. मी मुखवटे आणले का नाई मांडीवर?"

दीर खाली गाडीचा हॉर्न वाजवत होते. जिना उतरताना जाऊबाईंनी एकाही वळणाला नावं ठेवली नाहीत.