खुंटीवरची माळ

भाषा शिकवण्यात हयात गेली, तरी छापण्यासाठी मी आजवर एक ओळही लिहिलेली नाही. वानखडे सरांवर लिहिण्याचा अधिकार खरे तर त्यांच्या एखाद्या विद्यार्थ्याचा. माझ्या या धाडसाबद्दल आधीच क्षमा मागतो. सर अकोल्याच्या दवाखान्यात वारल्याची बातमी शिरपूरच्या आमच्या शाळेत पोचली, तेव्हा मी फळ्यावर तारीख लिहीत होतो... ती अर्धीच राहिली.

सर विज्ञान शिकवीत आणि सगळ्यांवर संशय घेत. प्रयोगशाळेच्या तराजूवर, माझ्या शुद्धलेखनावरसुद्धा. यंदा, १९७८ च्या पावसाळ्यात, कावीळ झाली तेव्हा तो संशय स्वतःच्या शरीराकडे वळला. "गुरुजी, विषाणू यकृताच्या पेशीत दडून बसते, अन् आपल्याच पांढऱ्या पेशी त्या पेशीले मारतात. घरचाच पहारेकरी घर पाडून राह्यला!"

"पण मारतात कशाने?"

"थेच तं कोणाले समजलं नाही. मले वाटते, एखादं विकर असन. पोटात अन्न विरघळवते ना, तसंच काही. पण माहा माह्यावरबी भरवसा नाही."

सरांच्या पत्नी सुमनवहिनींनी शेलूबाजारच्या वैदूकडून काविळीची माळ आणली. हिरव्या काड्यांचे तुकडे दोऱ्यात घट्ट बांधलेले. माळ लांबत छातीवर आली की कावीळ उतरली, असा आपल्याकडचा समज. सरांनी ती मुकाट्याने घातली, मात्र तशीच दुसरी मागवून खुंटीवर टांगली.

"खुंटीले कायची कावीळ झाली जी?" वहिनी चिडल्या.

"थेच पाहाचं हाय," सर म्हणाले.

आठवड्याने सरांची माळ छातीवर आली. सर गुंगीत पडले होते. वहिनींनी उजळल्या चेहऱ्याने मला विचारले, "आता अकोल्याले नेलं नाही तं चालन ना, गुरुजी?" मी खुंटीकडे पाहिले. तीही माळ तेवढीच लांबली होती. काड्या वाळून आकसल्या होत्या, गाठी सैल पडल्या होत्या. मला सारे समजले... आणि तरीही, त्या चेहऱ्याला भिऊन, मी म्हणालो, "उतरते आहे असे दिसते."

तिसऱ्या दिवशी सर बरळू लागले, तेव्हा कुठे जीप ठरवली. दोन दिवस आधी नेले असते तर वाचले असते का, ते डॉक्टरांनाही सांगता आले नाही.

परवा भेटायला गेलो. खुंटीवरची माळ वहिनींनी काढलेली नाही. "हे बी उतरली होती, गुरुजी," त्या माझ्याकडे रोखून पाहत म्हणाल्या. "तुमाले त्या दिवशी दिसली नव्हती का?"

वाचकहो, माझ्या जागी तुम्ही असता, तर त्यांना काय उत्तर दिले असते?