ठोकळेबाईंच्या घरातलं थांबायचं वर्ष

ठोकळेबाईंना खऱ्या नावाने हाक मारणारी माणसं आता फारशी उरली नव्हती. बाजारात त्या टोमॅटो निवडत असल्या की एखादं पाच-सहा वर्षांचं पोर आईचा हात सोडून ओरडायचं, "ठोकळेबाई!" आणि त्याची आई बिचारी ओशाळून जायची. बाईंना त्याचं काही वाटत नसे. ठोकळा म्हणजे मठ्ठ माणूस, हा अर्थ त्या पोरांच्या गावीही नव्हता. त्यांच्या लेखी ठोकळे म्हणजे बाईंच्या निळ्या कापडी पिशवीतले रंगीत लाकडी तुकडे. नवरा मात्र घरी चिडवायचा की इतक्या वर्षांच्या संसारात तुला ठोकळा म्हणायची माझी छाती झाली नाही, आणि ही चिमुरडी भर बाजारात म्हणून मोकळी होतात.

बाईंचं काम सांगायला सोपं होतं. मूल बालवर्गात बसायला तयार आहे का, ते पाहायचं. शाळा सुरू व्हायच्या आधी काही आठवडे त्या तळमजल्यावरच्या कोपऱ्यातल्या खोलीत बसायच्या. एक बुटकं टेबल, दोन बुटक्या खुर्च्या, आणि आईबापांसाठी भिंतीलगत एक बाक. त्या मुळात शाळेच्या वाचनालयात पुस्तकं देण्याघेण्याचं काम करायच्या. आधी हे काम करणाऱ्या बाई दुसऱ्या गावी राहायला गेल्या, तेव्हा मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, ह्यांना चार दिवस सांभाळून घ्यायला सांगितलं. चार दिवसांसाठी घेतलेलं काम अंगाला असं चिकटलं की पुढे वाचनालय दुसऱ्या कुणाकडे गेलं आणि बाई पिशवीसकट त्या खोलीच्याच झाल्या.

मुलाला मणी ओवायला द्यायचे. माणसाचं चित्र काढायला सांगायचं. "लाल ठोकळा खुर्चीखाली ठेव आणि मग दार लाव," अशा दोन गोष्टी एका दमात सांगायच्या आणि दुसरी लक्षात राहते का ते बघायचं. मध्येच "एक मिनिट थांब हं," म्हणून स्वतःच्या चपलेचा पट्टा नीट करत बसायचं. तेवढ्या वेळात मूल काय करतं, ह्याकडे बाईंचं मण्यांपेक्षा जास्त लक्ष असायचं. मुलं त्यांना हसवायचीही खूप. एकाला त्यांनी निळा ठोकळा मागितला, तर तो म्हणाला, "तुझ्याजवळच पडलाय की, तूच घे." बाईंनी त्याला रंग ओळखण्याचे, बोलण्याचे आणि व्यवहारज्ञानाचेही गुण मनातल्या मनात देऊन टाकले. एक मुलगी काही केल्या तोंड उघडेना. बाईंनी मग मुद्दाम वेडावाकडा मनोरा रचायला घेतला. दोनतीनदा तो कोसळल्यावर ती मुलगी न राहवून म्हणाली, "असं नसतं," आणि तिथून जी सुरू झाली ती थांबेचना.

ज्या मुलांना अजून वेळ हवा असायचा, त्यांच्या आईबापांना बाई बाकावर शेजारी बसवून घ्यायच्या आणि समजूत घालायच्या. त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं. "एक वर्ष थांबलं म्हणून काही आभाळ कोसळत नाही." ते त्या इतक्या शांतपणे म्हणायच्या की रडवेल्या आयाही डोळे पुसून घरी जायच्या.

बाईंचा नवराही एका अर्थी त्याच धंद्यातला. तो लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या शिकाऊ मुलांना शिकवायचा. मुलं त्याला उस्ताद म्हणायची. कोणता मुलगा एकट्याने कामावर पाठवण्याजोगा झाला, हे त्याने सांगायचं. त्याची परीक्षा घेण्याची तऱ्हा अजब होती. मुलाला तो अशा इमारतीत पाठवायचा जिथली लिफ्ट ठणठणीत असे, आणि बिघाड शोधून ये म्हणायचा. कच्चा गडी दोन तासांनी तेलाने माखून परत यायचा, काहीतरी उघडून, काहीतरी आवळून. पक्का गडी लवकर यायचा आणि म्हणायचा, "उस्ताद, तिथे काही बिघडलेलं नाही." त्यालाच उस्ताद एकटा सोडायचा.

असं हे घर. आणि ह्या घरात एक लेक होती. दिसायला बापासारखी उंच, अभ्यासात पुढे, पण माणसांत गेली की मिटून जायची. लहानपणी आईने तिला लाडाने गोगलगाय म्हटलं ते नाव तिला चिकटलं होतं. दुकानात सुटे पैसे मागायचे असोत की दातांच्या डॉक्टरांना फोन करायचा असो, गोगलगाय आईकडे बघायची आणि आई बोलून टाकायची. बाईंना त्यात काही वावगं वाटत नव्हतं. पोरीचे गुण तर असे होते की तोंडात बोट घालावं. कॉलेजप्रवेशाआधी तयारी तपासणारी परीक्षा झाली, त्यात भाषा आणि गणित दोन्हींत तिला वरचे गुण पडले. दुसऱ्या शहरातल्या कॉलेजात प्रवेश मिळाला. बाईंनी नवी चादर, टॉवेल, कुलूप अशी खरेदीही करून टाकली.

आणि एका रविवारी सकाळी, टोस्टला लोणी लावता लावता, गोगलगाय म्हणाली की मी ह्या वर्षी जाणार नाही.

बाईंना आधी ती गंमत वाटली. मग पोरीचा चेहरा बघून त्यांनी सुरी खाली ठेवली आणि कारण विचारलं.

"परीक्षेत विचारतात ते मला सगळं येतं, आई," ती हळूच म्हणाली. "पण मला कुणाला काही विचारता येत नाही. तिकडे तू नसशील. मला एक वर्ष दे. मी इथेच कुठेतरी काम करीन."

बाईंनी आरडाओरडा केला नाही. त्यांचा राग असा नव्हताच. त्यांनी ताटल्या उचलल्या, घासल्या, आणि मग स्वयंपाकघरातलं वरचं कपाट उघडून साफ करायला घेतलं, जे गेल्या आठवड्यातच साफ झालं होतं. उस्ताद बराच वेळ दारात उभा राहून बघत होता. शेवटी त्याने सांगितलं की पोरीला शोभेसा निर्णय आहे, घेऊ दे. बाई स्टुलावरूनच म्हणाल्या की सगळ्यांची मुलं पुढे जातील आणि आपली मागे पडेल, वर्ष वाया गेलं की सवय मोडते, लोक काय विचारतील. बोलता बोलता त्यांना जाणवलं की ही वाक्यं आपण कुठेतरी ऐकली आहेत. कुठे ते मात्र आठवायचं त्यांनी टाळलं.

"तिच्यात काही बिघडलेलं नाही," उस्ताद म्हणाला. "तू उगाच स्क्रू काढत बसू नकोस."

बाई त्याच्याशी संध्याकाळपर्यंत बोलल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी शाळेत एक पाववाला आपल्या मुलाला घेऊन आला. कोपऱ्यावरच्या बेकरीचा मालक, अंगाने भरदार, केसांत कुठेतरी पीठ राहिलेलं. मुलगा चिमणीएवढा. पण हुशार. बिस्किटांच्या पुड्यांवरचं लिहिलेलं वाचायचा, शंभराच्या पुढे मोजायचा. बाप कौतुकाने पुढे पुढे सांगत होता. बाईंनी विचारलं, तुझं नाव काय, तर उत्तर बापाने दिलं. तुला काय खायला आवडतं, तेही बापानेच सांगितलं. बाईंनी बापाला जरा बाहेर व्हरांड्यात थांबायला सांगितलं, आणि दार लोटल्याबरोबर मुलाने जो टाहो फोडला तो वरच्या मजल्यावर ऐकू गेला. मणी नाही, ठोकळे नाही, काही नाही. बाईंनी मनोरा पाडून बघितला, पिशवीतला कापडी ससा काढला. उपयोग शून्य. त्याला शू लागली होती हेही तो सांगू शकला नाही, आणि मग सांगायची गरजच उरली नाही.

मुलाचे कपडे बदलून झाले, तो बापाच्या मांडीवर शांत झाला, तेव्हा बाई बाकावर बसल्या. पाववाला आधीच हिरमुसला होता. एवढं वाचता येणारं पोर नापास कसं होतं, असं त्याने विचारलं. बाईंना तो शब्द अजिबात आवडत नसे. इथे पास-नापास नसतं, त्यांनी सांगितलं, आणि सवयीने ठरलेलं वाक्य ओठांवर आलं.

"एक वर्ष थांबलं म्हणून काही..."

"बाई," पाववाल्याने मध्येच विचारलं, पण उद्धटपणे नाही, "तुमचं असतं तर थांबवलं असतं का?"

लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, ही म्हण बाईंनी आयुष्यात शंभरदा दुसऱ्यांना लावली असेल. ती आपल्याच पायांशी येऊन बसेल असं त्यांना कधी वाटलं नव्हतं.

"खरं सांगू?" त्या म्हणाल्या. "कालच माझ्या मुलीने एक वर्ष मागितलं. कॉलेजात जायच्या आधी. मी कपाट धुवायला काढलं."

पाववाला मोठ्याने हसला. त्याच्या मांडीवरचं पोरही, काही न कळता, हसलं. मग त्याने सांगितलं की मुलाच्या आईला पहाटेपासून दुकानात उभं राहावं लागतं, पोर दिवसभर पिठाच्या पोत्यांमागे एकटं खेळतं, आणि गिऱ्हाईक काही विचारेल म्हणून आपणच त्याच्या वतीने बोलतो. सवयच झालीय. बाईंनी मान हलवली. सवय कशी होते ते त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती.

त्या दिवशी दोघांनी मिळून एक तोड काढली. मुलाला पुढच्या वर्षीच घालायचं, पण तोवर आठवड्यातून दोनदा सकाळी बालवर्गात नुसतं येऊन बसू द्यायचं. बापाने दारापर्यंत यायचं आणि विचारल्याशिवाय एक शब्द बोलायचा नाही. मोठ्या बाईंनी आधी कपाळाला आठ्या घातल्या, असं आजवर कधी केलं नाही म्हणाल्या, आणि मग मान्य केलं.

बाई घरी आल्या तेव्हा गोगलगाय गच्चीत कपडे वाळत घालत होती. बाईंनी दुसरं टोक धरून चादर झटकली. मग म्हणाल्या की एक वर्ष घे, पण माझी एक अट आहे. काम तुझं तू शोधायचं. मी कुणाशीही बोलणार नाही. पोरीचा चेहरा पांढरा पडला आणि तिने मान डोलावली.

काम शोधायला तिला बरेच दिवस लागले. बाईंना ते दिवस फार जड गेले. ती रस्त्यावर एका दुकानासमोरून तीनतीनदा जायची आणि परत यायची, हे त्या खिडकीतून बघायच्या, आणि जीभ दातांखाली धरून ठेवायच्या. उस्तादने त्यांना एकदा चपला घालताना पकडलं आणि चपला कपाटात ठेवून दिल्या. शेवटी एका चष्म्याच्या दुकानात तिला जागा मिळाली. दुकानदारीण करड्या आवाजाची बाई होती. पहिल्या आठवड्यात गोगलगायने एका आजोबांना दुसऱ्याच कुणाचा चष्मा दिला. आजोबा तो लावून घरापर्यंत गेलेही, आणि परत येऊन म्हणाले, बायको एकदम तरुण दिसतेय, पण जिना दिसत नाही. त्या दिवशी पोरीला माफी मागावी लागली, तीही अनोळखी माणसाची, आणि स्वतःच्या तोंडाने. घरी येऊन ती रडली नाही. जेवताना तिने तो किस्सा सांगितला, तेव्हा ती आजोबांची नक्कल करत होती. नवराबायकोंनी एकमेकांकडे पाहिलं. ही नक्कल करते, हे दोघांनाही नवं होतं.

वर्षभरात काही चमत्कार झाला नाही. गोगलगायचा वाघ झाला नाही. अजूनही ती गर्दीत कोपरा शोधायची. पण गिऱ्हाइकाला "वाकून बघा, आता खालची ओळ वाचा," असं ठणकावून सांगायला लागली. सुट्टी हवी असली की दुकानदारिणीशी स्वतः बोलायची. एकदा तर दुकानदारिणीने आवाज चढवला तेव्हा तिने उलट विचारलं की चूक नेमकी काय झाली ते सांगा, म्हणजे पुन्हा करणार नाही. हे बाईंना तिच्याकडून नाही कळलं. भाजी घेताना भेटलेली दुकानदारीणच सांगत होती, आणि तिच्या करड्या आवाजात कौतुक होतं.

पुढच्या वर्षी ती गेली. त्याच कॉलेजात, त्याच शाखेत. लोकांना वाटलं होतं, वर्षभर थांबली म्हणजे काहीतरी वेगळंच करेल. तसं काही झालं नाही. बाईंना आधी जरा चुटपुट लागली, की मग थांबून मिळवलं काय. पुढे त्यांनी तो हिशेब सोडून दिला.

त्याच वर्षी पाववाल्याचा मुलगा बालवर्गात बसला. बाईंच्या खोलीत तो आला तेव्हा बाप दाराबाहेर, तोंडाला कुलूप लावल्यासारखा उभा. मुलाने मणी ओवले, मग मध्येच थांबून सांगितलं की मला शू लागलीय. बाईंना त्या वर्षी ऐकलेल्या सगळ्या वाक्यांत ते सगळ्यात गोड वाटलं. मूल थांबवायची वेळ आली की त्या अजूनही आईबापांना बाकावर शेजारी बसवून घेतात. पण ते ठरलेलं वाक्य आता त्यांच्या तोंडून निघत नाही. आधी त्या विचारतात, तुम्हाला ह्यात भीती कशाची वाटते? आणि मग बराच वेळ ऐकतात. मोठ्या बाई कुरकुर करतात की तुमच्या खोलीबाहेर रांग फार वाढते.

पहिल्या सुट्टीत गोगलगाय घरी आली ती एकटी नाही. बरोबर एक बडबडी मैत्रीण होती, जिने आल्याआल्या उस्तादला लिफ्टबद्दल दहा प्रश्न विचारले आणि अंड्याच्या भुर्जीवर दुसऱ्यांदा हात मारला. संख्याशास्त्राच्या पहिल्या चाचणीत दोघी गटांगळ्या खाऊन आल्या होत्या. तेही त्यांनी हसतच सांगितलं. मग बाहेर जातो म्हणून दोघी जिना उतरल्या, कोणत्या रस्त्याने जायचं ह्यावर भांडत. गोगलगायचा आवाज मैत्रिणीपेक्षा वर चढला होता.

उस्तादने खिडकी लावून घ्यायची का म्हणून विचारलं. बाई म्हणाल्या, नको, असू दे उघडी, आणि त्यांनी दोघांसाठी चहा टाकला.