चौघांत तारपा कोणाचा

माझा बा पोशेरा गावचा तारपावाला, सुकवलेल्या भोपळ्याचं लांब वाद्य फुंकणारा. भातं निघाली की अंगणाच्या मधोमध तो उभा आणि भोवती एकमेकांच्या कमरेत हात घातलेल्या माणसांची साखळी. नियम एकच, तारप्याला पाठ दाखवायची नाही. तो वळला की साखळीही वळणार. गालांत हवा धरून नाकाने श्वास घेत बा वाजवत राही, सूर तुटतच नसे. आता त्याच्या छातीत तेवढा दम राहिला नाही. डॉक्टरांनी फुंकायला बंदी केली आणि दुसऱ्या कोणी तारपा धरला की बा घरात जाऊन दार लोटून घेऊ लागला. मला त्याचा राग यायचा, आणि त्याहून जास्त वाईट वाटायचं.

मी मुंबईत व्हायोला शिकवते, व्हायोलिनहून जरा मोठा आणि खालच्या सुरातला. गावात त्या वाद्याला 'तिचं ते' एवढंच नाव आहे. बाच्या चाली घेऊन मी चौघांसाठी एक रचना लिहिली: दोन व्हायोलिन, माझा व्हायोला आणि जमिनीवर टेकवून वाजवायचा एक चेलो. चेलो खालचा सूर धरून ठेवतो, चाल बाकीच्यांच्या हातून हातात फिरते. मुंबईच्या सभागृहात तिला छान टाळ्या पडल्या, पण खुर्चीवरून कोणी हललं नाही. मला तर, कोणाच्या हाती तारपा न देता, बाला अंगणात आणायचं होतं. म्हणून यंदा भात झोडून झाल्यावर तिघा दोस्तांना घेऊन मी गाव गाठलं.

अंगणात मधोमध चार खुर्च्या मांडल्या. चेलोचा टोकदार पाय सारवणात रुतायला लागला, तेव्हा आईने त्याखाली जुनी चप्पल सरकवली. बा दाराआडच. आम्ही सुरू केलं, भोवती साखळी जुळली, पावलं पडू लागली, आणि मी मनातल्या मनात उड्या मारल्या. मग चाल पहिल्या व्हायोलिनकडून माझ्याकडे आली. साखळी गर्रकन माझ्याकडे वळली. मी ती पुढे दिली, तर साखळी तिकडे धावली. चेलोनेही मध्येच तोंड घातलं, तशी अर्धी माणसं इकडे आणि अर्धी तिकडे ओढली गेली आणि सगळे एकमेकांवर आदळून खाली बसले.

"चौघं वाजवतात, यातला तारपा कोनचा?" धापा टाकत काकाने विचारलं. "पाठ कोनाला नाय दावायची, ता सांग."

खाली बसलेले सगळे हसत सुटले. हसण्याचा गलका ऐकून बा दारात येऊन उभा राहिला होता.

"चौघांचा मिलून एकच," आई म्हणाली. "नुसतं गोल फिरा." मग ती बाकडे वळली. "तू पन ये."

"माना नाचाया नाय येत," बा म्हणाला.

ते खरंच होतं. सगळ्या गावाला नाचवणारा हा माणूस जन्मात कधी नाचला नव्हता. आईने त्याला हाताला धरून आणला आणि साखळीत आपल्या शेजारी घेतला.

आम्ही पुन्हा सुरू केलं. बाचं पाऊल दर खेपेला चुकत होतं आणि आई त्याला कमरेने ओढून सावरत होती. इतकी वर्षं ती त्याच्याभोवती नाचली होती, त्याच्याबरोबर आज पहिल्यांदाच.