बापाचं नाव नाही म्हणून परत पाठवली

त्या सकाळी परीक्षेच्या केंद्रावर टेबलापाशी होतो ते असे: मी, माझी सतरा वर्षांची नात, टोरोंटोजवळ मिल्टनला राहणारा माझा भाचा, टेबलामागची एक तरुण बाई, आणि तिनं आतून बोलावून आणलेला तिचा साहेब. माझा मुलगा नि सून तिथं नव्हते. ते हॅलिफॅक्सला आपापल्या कामावर. पोरीला अठरा पुरी नाहीत, बरोबर घरचं कुणी पाहिजे, म्हणून मला धाडलं होतं. मी चौथी शिकलेली. पण डोळे आहेत मला, जे झालं ते बघितलंय.

नातीला डॉक्टर व्हायचं होतं. कॅनडात आधी चार वर्षं दुसरं काहीतरी शिकायचं, मग डॉक्टरकीला अर्ज करायचा, तेव्हाही मिळेलच असं नाही. इंग्लंडात बारावीवर थेट घेतात. तिनं स्वतःच सगळं शोधलं, अप्लाय केलं. डॉक्टरकीच्या प्रवेशाची एक परीक्षा दिली, कॉम्प्युटरपुढं बसून मुलाखत दिली. तिथल्या युनिव्हर्सिटीचं पत्र आलं की जागा देतो, पण बारावीचे मार्क नि इंग्रजीच्या परीक्षेचा निकाल ऑगस्टातल्या अमुक तारखेच्या आत आमच्याकडं पाहिजे. एक दिवस उशीर झाला तर जागा दुसऱ्याची.

मी म्हटलं, "इंग्रजीची परीक्षा कुणाची? हिची?"

ही पोरगी नऊ वर्षांची असताना इकडं आली. मी विचारते, जेवलीस का, ती म्हणते, "लेटर, आजी." झोपेत बडबडते तीसुद्धा इंग्रजीत. मला रडू यायचं की नात माझ्याशी माझ्या भाषेत बोलत नाही, आणि त्यांना म्हणे शंका, हिला इंग्रजी येतं का.

मुलगा म्हणाला, "आई, आपला पासपोर्ट अजून भारताचा आहे. कॅनडाच्या सिटिझनशिपचा कागद आला असता तर ही परीक्षाच नव्हती. रूल आहे."

"मग तो कागद आला की इंग्रजी येतं होय?"

त्याच्या हातात काय होतं.

इंग्लंडच्या व्हिसाला चालते ती परीक्षा आमच्या हॅलिफॅक्सला नव्हती. टोरोंटोकडं जायचं. परीक्षेची फी वेगळी, दोघींची विमानाची तिकिटं वेगळी. भाच्याच्या बेसमेंटमध्ये उतरलो. सकाळी त्यानं गाडी काढली आणि पोरगी गप्प बसलीय बघून माझी टिंगल सुरू केली.

"आत्या, तूच बस परीक्षेला. थँक्यू आणि नो शुगर येतंय तुला, पास होशील."

"माझं राहू दे. तुझं इंग्रजी तुझी बायको तरी पास करते का ते विचार."

नात हसली. तेवढंच बरं वाटलं.

केंद्रावर टेबलामागच्या बाईनं पासपोर्ट घेतला, परीक्षेच्या फॉर्मशी ताडून बघितला, परत बघितला. मग नाही म्हणून मान हलवली.

झालं होतं असं. आपल्यात मुलीचं नाव, मग बापाचं नाव, मग आडनाव. पासपोर्टात तसंच आहे. पण इकडं शाळेत घातली तेव्हा पहिल्या दिवशी बाईंनी हजेरीत तिला बापाच्याच नावानं हाक मारली. पोरं हसली. ती रडत घरी आली. दुसऱ्या दिवशी माझ्या मुलानं शाळेत जाऊन आपलं नाव मधून काढून टाकायला सांगितलं. तेव्हापासून लायब्ररीचं कार्ड, दवाखान्याचं कार्ड, बारावीचा दाखला, सगळ्यात बापाचं नाव गाळलेलं. परीक्षेचा फॉर्म बापानंच भरला. हाताला सवय, तसाच भरला. पासपोर्ट उघडून बघितला नाही.

साहेब आला. तो उत्तरेकडचा होता, माझ्याशी हिंदीत बोलला. "माताजी, नाव जुळत नाही. बसू देता येत नाही." मी त्याला माझ्या हिंदीत सांगितलं, "बाबा, फोटो हिचाच आहे, जन्मतारीख हिचीच आहे, बापाचं नाव मधे आहे, कुणा परक्याचं नाही."

"रूल है, माताजी."

मग नात बोलायला लागली. माझी ही पोरगी घरात उलट शब्द बोलत नाही. तिनं त्या माणसाला उभ्या उभ्या अर्धा तास इंग्रजीत असं काही सुनावलं, की रांगेतली मुलं वही मिटून ऐकायला लागली. मला शब्द कळले नाहीत, पण भाचा माझ्या कानात म्हणाला, "आत्या, वकील व्हायला पाहिजे हिनं." साहेबाला दोनदा "सॉरी, से दॅट अगेन" म्हणावं लागलं, एवढं मला कळलं. आणि शेवटी तो काय म्हणतो? इंग्रजी येतं का ते तपासायला आज हिला आत सोडता येणार नाही. फीही परत नाही. पुढची तारीख घ्या.

आमच्या वेळी लग्नात माझं नाव बदललं. तांदळात अंगठीनं नवं नाव काढलं आणि जुनं गेलं. मला कुणी विचारलं नाही. पुढं माझा पासपोर्ट काढताना त्या दोन नावांपायी मुलाला कचेरीत पाच हेलपाटे पडले. तेही मी सोसलं. मी म्हातारी, माझं काय अडणार होतं. पण या पोरीची दोन वर्षांची मेहनत एका ओळीत नाव नाही म्हणून टेबलावरून परत ढकलली, ते मला आजही सोसत नाही.

पुढची तारीख दोन आठवड्यांनी मिळाली. परत फी, परत विमान. या वेळी फॉर्म तिनं स्वतः भरला, पासपोर्टाबरहुकूम. बाहेर आली तेव्हा म्हणाली, "आजी, स्पीकिंगमध्ये घरातल्या म्हाताऱ्या माणसाबद्दल बोलायला सांगितलं. आय टॉक्ड अबाउट यू."

"काय सांगितलंस?"

"की तू सगळ्यांशी भांडतेस."

मार्क जवळजवळ पैकीच्या पैकी मिळाले. निकाल आला, युनिव्हर्सिटीच्या तारखेनंतर चार दिवसांनी. मुलानं ईमेल केले, फोन केले. उत्तर आलं, फार गोड भाषेत, की जागा भरली, पुढच्या वर्षी नव्यानं अर्ज करावा. नव्यानं म्हणजे सगळंच नव्यानं: डॉक्टरकीची परीक्षा, मुलाखत, त्याची फी.

ते वर्ष तिनं ग्रोसरीच्या दुकानात काउंटरवर काढलं. मैत्रिणी कॉलेजात गेल्या, त्या सामान घ्यायला आल्या की ही मान खाली घालून पिशव्या भरायची. मी एकदा तिथं गेले आणि बघून परत आले. आत गेले नाही.

वसंतात सिटिझनशिपचा कागद आला, नवा पासपोर्ट आला. जुना निळा होता, हाही निळाच. दुसऱ्या वेळी पहिल्या युनिव्हर्सिटीनं तिला घेतलं नाही. दुसऱ्या एकीनं घेतलं, आणखी दूरची आणि आणखी महाग. आणि इंग्रजीची परीक्षा कुणी मागितलीच नाही. पोरगी तीच, जीभ तीच. मी मुलाला विचारलं, "आता कसं आलं हिला इंग्रजी?" तो म्हणाला, "आई, आता सोड ना." मी सोडलेलं नाही. ती डॉक्टर होईलच, पण गेलेलं वर्ष तिला कोण देणार आहे?

तुमच्या घरी असा फॉर्म भरायचा असेल तर एवढं करा. पासपोर्ट उघडून समोर ठेवा आणि त्यात आहे तसंच सगळं नाव भरा. आणि भरून झालं की मुलीला स्वतःला एकदा वाचायला द्या.